रागासाठी ठेवलेली फट

माणूस निदान चहा पिताना तरी बसतो. सर चहासुद्धा येरझाऱ्या घालत प्यायचे. शेडच्या या टोकाला एक घोट, त्या टोकाला दुसरा, आणि मधल्या वाटेत बोलणं. ऐकणाऱ्यानं मान वळवायची तरी किती? पहिल्याच भेटीत माझी मान अवघडली आणि नांदेडहून लातूरला येईपर्यंत मी वाटभर त्या म्हाताऱ्याच्या नावानं खडे फोडले.

तशी मीही काही गरीब गाय नाही. मलाही एका जागी बसवत नाही. लातूरला क्लासमध्ये फिजिक्स शिकवते, तेसुद्धा फळ्यापासून दारापर्यंत फिरत. सुट्टीच्या दिवशी मातीच्या ट्रॅकवर गाडी पळवते. जुनी हॅचबॅक आहे, तिला टर्बो बसवून घेतलाय. हे ऐकलं की लोक आधी विचारतात, "गाडी भावाची का?" मला भाऊ नाही. पंक्चरवाल्यापासून पंचापर्यंत सगळ्यांना हेच उत्तर देऊन देऊन माझं डोकं कायमचं तापलेलं असतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे.

सर एका तंत्रनिकेतनात वर्कशॉप शिकवून रिटायर झालेले. मुदखेडच्या रस्त्याला, रेल्वे रुळांजवळ त्यांचं घर, आणि घरामागं पत्र्याचं शेड. तिथं ते शर्यतीच्या गाड्यांची इंजिनं बांधायचे, एका वेळी एकच. हैदराबादेहून, सोलापूरहून लोक इंजिन टेम्पोत घालून आणायचे, ते मुख्यतः त्यांच्या रिंगांसाठी.

पिस्टनची रिंग म्हणजे बांगडीच, फक्त एका जागी तुटलेली. त्या दोन टोकांमध्ये बारीकशी फट ठेवावी लागते. इंजिन तापलं की रिंग फुगते, टोकं जवळ सरकतात. फट जरा जास्त झाली तर थोडं ऑइल जळतं, थोडी ताकद जाते, बाकी काही बिघडत नाही. कमी झाली तर मात्र टोकाला टोक भिडतं, रिंगला फुगायला जागा उरत नाही, आणि मग ती सिलेंडर ओरबाडते, पिस्टन फोडते. माझं आधीचं इंजिन असंच गेलं होतं. एका मेकॅनिकनं "टाइट ठेवलंय मॅडम, पळंल बघा" म्हणून दिलं आणि औशाजवळच्या ट्रॅकवर, ऐन शर्यतीत, ते किंचाळून बंद पडलं. ट्रॅक्टरनं ओढून आणताना कडेची पोरं शिट्ट्या मारत होती. त्या शिट्ट्या माझ्या कानातून अजून गेलेल्या नाहीत.

म्हणून मी ब्लॉक, म्हणजे इंजिनचा चार सिलेंडरांचा लोखंडी ठोकळा, उचलून सरांकडं नेला. दसऱ्यानंतर त्याच ट्रॅकवर पुन्हा शर्यत होती आणि मला तिथंच पळायचं होतं.

सरांकडं इंजिन दिलं म्हणजे काम सुरू झालं असं नसायचं. आधी जबानी व्हायची. डॉक्टर पथ्यपाण्याचं विचारतो तसं ते विचारायचे, "गाडी कशी चालवता? खरं सांगा." कारण कुणाचं इंजिन किती तापणार त्यावर फट किती ठेवायची ते ठरतं. लोक खोटं बोलायचे. नायगावचा एक जण म्हणाला, "सर, मी लई सावकाश चालवतो." सरांनी बाहेर जाऊन त्याच्या दुसऱ्या गाडीच्या टायरांवरून नुसता हात फिरवला आणि परत येऊन म्हणाले, "इंजिन उचला. ह्ये वकिलाकडं न्या."

माझी जबानी त्यांना पटली नाही. म्हणाले, "बाई, तुम्ही शिकवता, तुम्हाला बोलता येतं. मला तुमचं बोलणं न्हाई बघायचं." पुढच्या खेपेला त्यांनी आपली खटारा जीप काढायला लावली, मला स्टिअरिंगवर बसवलं आणि स्वतः मागं बसून डोळे मिटून घेतले. लोह्याच्या रस्त्याला लागलो. एका ट्रॅव्हल्सवाल्यानं हॉर्न मारमारून मला कडेला दाबलं, आणि जाताना त्याचा क्लीनर खिडकीतून काहीतरी बोलून हसला. झालं! त्या जीपमध्ये जेवढा जीव होता तेवढा मी काढला. ट्रॅव्हल्सला मागं टाकूनच श्वास घेतला. लोह्याच्या स्टँडवर सरांनी जीप थांबवायला सांगितली, खाली उतरले आणि म्हणाले, "तुम्ही जीप घेऊन या. मी यष्टीनं येतो."

"का हो सर?"

"माझं काम झालं. आन् मला जीव प्यारा हाय."

मी सरांच्या घरी पोचले, तासाभरानं तेही आले. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, चहा दिला. सर कप घेऊन चालायला लागले. "बाई, तुम्ही वेगात न्हाई चालवत. तुम्ही रागात चालवता. वेगवाला माणूस कधीतरी पाय काढतो. रागवाला काढत न्हाई. इंजिन लई तापणार तुमचं. तुमच्यासाठी केसभर जास्त ठेवावं लागंल."

"म्हणजे ताकद कमी होणार?"

"थोडी होईल. पण तुटणार न्हाई. राग कमी करून या, मग कमी ठेवतो."

तोवर मला लोकांनी राग सोड म्हणून शंभरदा सांगितलं होतं. घरात, क्लासमध्ये, ट्रॅकवर. तो धरून हिशेब करणारा हा पहिलाच माणूस भेटला. मला तेव्हा हसू आलं आणि आत कुठंतरी बरंही वाटलं.

त्याच चहाच्या वेळी मी त्यांचा उजवा हात पाहिला. कप बशीवर किणकिणत होता. मी बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं.

"गाडी गेली," ते म्हणाले. "रुळ जवळ हाय ना. सगळं शेड हलून राहतं."

कुठलीच गाडी गेली नव्हती. मी काही बहिरी नाही.

मी निघाले तेव्हा काकू फाटकापर्यंत आल्या. पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, "बाय, हात हलतोय त्यांचा. समद्या नांदेडला ठाव हाय, त्यांना सोडून. डॉक्टरकडं चला म्हणलं की भांडतेत. ह्ये तुझं इंजिन शेवटचं, मी सांगून ठेवते."

"मग मी परत नेऊ का, काकू?"

"नेलंस तर ते बसतील." काकू एवढंच म्हणाल्या. त्या घरात बसणं या शब्दाचा अर्थ काय, हे मला तोपर्यंत कळलं होतं. इंजिन ठेवलं तर रिंग घासताना हात एकदा चुकला तरी ते जाणार होतं, आणि नेलं तर सर जाणार होते. मी ठेवलं. का ठेवलं ते तेव्हा मलाही सांगता आलं नसतं. वाटेत चाकूरला थांबून दोन प्लेट भजी खाल्ली आणि तरी चैन पडेना.

पुढचे दिवस नुसती तगमग. मी रोज फोन करायची. "सर, रिंगा झाल्या का?" आज हवेत ओल आहे. आज ऊन फार आहे. आज लाइट नाही, आज वारं आहे. आणि शेवटी ठरलेलं वाक्य, "घाई असंल तर रिक्षा करा." आता मला माहीत होतं की ओल नव्हती, वारं नव्हतं. ज्या दिवशी हात जरा धड असेल त्या दिवशी ते एखादी रिंग घासत होते. फोन ठेवून मी क्लासमध्ये जायची आणि पोरांवर खेकसायची.

एक नियम मात्र त्यांचा खरा होता. ब्लॉक, रिंगा आणि फट मोजायच्या पोलादी पत्त्या यांनी एक रात्र एका खोलीत काढायची, मगच मोजायचं. एकदा मे महिन्यात त्यांनी तापलेल्या शेडमधला ब्लॉक आणि घरात कूलरपुढं ठेवलेल्या रिंगा घेऊन भर दुपारी मापं काढली होती. तापलेला ब्लॉक पसरलेला, थंड रिंग आकसलेली, फट दिसली छान मोठी. ते इंजिन पहिल्याच शर्यतीत भिडलं. तेव्हापासून कुणाचाही ब्लॉक सरांच्या बैठकीच्या खोलीत, पंख्याखाली, पांढऱ्या चादरीवर झोपायचा. उष्णतेनं प्रसरण मी पोरांना दरवर्षी शिकवते, पण त्यापायी ब्लॉक घरात निजवणारा माणूस दुसरा पाहिला नाही. काकू म्हणायच्या, "मपल्या माहेरचा माणूस आला तर त्याला ओसरी. ह्यांच्या लोखंडाला पंखा."

वही वगैरे सर ठेवत नसत. प्रत्येक सिलेंडरच्या रिंगा वेगळ्या, त्या सिलेंडरला बघून घासलेल्या. त्या ऑइल लावून स्टीलच्या वाटीत ठेवायच्या. चार सिलेंडर, चार वाट्या, ब्लॉकच्या चार बाजूंना. वाट्या काकूंच्या, रुखवतातल्या.

खंडेनवमीला मी नांदेडला गेले. सर म्हणाले होते की एकच रिंग राहिलीय, या, दसऱ्याला जोडायला घेऊ. मला घ्यायला ते स्वतः स्टँडवर आले. घरी येईपर्यंत बोलले नाहीत, पण खुशीत होते. मी ओळखायला लागले होते. खुशीत असले की ते पुढं पुढं चालायचे आणि मग परत मागं यायचे.

बैठकीत पाऊल टाकलं आणि दोघंही थांबलो.

ब्लॉकची पूजा झाली होती. हळदकुंकू, अक्षता, झेंडूची माळ. पाने, हातोड्या, कानस, सगळं ओळीनं मांडून त्यांनाही टिळे. आणि झेंडूच्या माळेखाली, पिवळ्या दोऱ्यात ओवून, नवरीच्या हातात चुडा भरावा तशा माझ्या सगळ्या रिंगा. लखलखत होत्या. काकूंनी त्या साबणानं घासल्या होत्या.

"वाट्या!" सर एवढंच ओरडले.

काकू स्वयंपाकघरातून आल्या. "मपल्या वाट्या हायत त्या. सणाचा नैवेद्य, आन् घरात एक वाटी रिकामी न्हाई. खिरीला वाटी नको का? किती तेलकट झाल्या होत्या रिंगा. चांगल्या धुऊन, पुसून, ओवून ठेवल्या. बांगड्याच दिसतेत की."

कुठली रिंग कुठल्या सिलेंडरची, हे आता देवालाच माहीत. इतक्या आठवड्यांचं काम, त्या हातानं, एकेक दिवस चोरून केलेलं काम! मला ओरडायचं होतं, पण काकूंच्या हातात खिरीची वाटी होती आणि ती त्या माझ्याचकडं धरून उभ्या होत्या. मी वाटी घेतली आणि उभ्या उभ्या खीर खाल्ली. गोड लागली का खारट, आठवत नाही.

सरांनी दोरा सोडायला हात पुढं केला.

"आज न्हाई," काकू म्हणाल्या. "पूजलेल्या हत्याराला आज हात लावायचा न्हाई. उद्या सकाळी."

आश्चर्य म्हणजे सर भांडले नाहीत. "गंज चढंल," एवढंच पुटपुटले. काकूंनी मुकाट्यानं ऑइलचा डबा आणून दोऱ्यातल्या रिंगांवर बोटानं ऑइल फिरवलं, तेलवण करावं तसं. रात्रभर ब्लॉक आणि रिंगा एका खोलीत राहिल्या, ते मात्र नियमाप्रमाणं झालं.

दसऱ्याच्या सकाळी सर आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून ब्लॉकपुढं उभे राहिले. रिंग सिलेंडरमध्ये ठेवली. उलट्या पिस्टननं ती सरळ खाली सरकवली. पत्ती उचलली आणि टोकांच्या फटीकडं नेली. पत्ती रिंगवर वाजायला लागली. टिक टिक टिक टिक.

"गाडी गेली," ते म्हणाले.

पुन्हा नेली, पुन्हा वाजली. "मालगाडी असंल."

तिसऱ्यांदाही वाजली. पत्ती खाली ठेवून अंगणात गेले, पेरूच्या झाडाला फेरी मारून आले, पुन्हा गेले. मी खिडकीतून बघत होते. मला वाटलं आता इंजिन उचल म्हणतील. दाराशी काकू पदराचं टोक पिळत उभ्या होत्या, आणि मला पहिल्यांदाच कळलं की खरी भीती कुणाला आहे.

ते आत आले. "बाई, इकडं या. हात स्वच्छ करा. पत्ती धरा."

ज्या माणसानं कुणाची आपल्या ब्लॉकवर सावलीसुद्धा पडू दिली नाही, तो मला पत्ती देत होता. मी दोनदा साबणानं हात धुऊन आले.

"डोळे मिटा. घाला. काय होतंय?"

"जात नाही."

"दुसरी रिंग. घाला."

"जाते."

"कशी जाते? सळकन जाते का अडखळत?"

"सळकन."

"मग ती हितली न्हाई. काढा. पुढची. घाई असंल तर रिक्षा करा!"

सकाळभर असंच चाललं. प्रत्येक रिंग प्रत्येक सिलेंडरमध्ये घालून बघायची. मी डोळे मिटून बसलेली, खरंच बसलेली, मांडी घालून जमिनीवर. आणि सर माझ्याभोवती गोल फिरत. सवय झाल्यावर मला कळायला लागलं. पत्ती बरोबर फटीत शिरली की जरा नाखुशीनं जाते, बोटाला बारीक ओढ लागते. मी "अडखळते" म्हटलं की सरांची पावलं क्षणभर थांबायची. मग काकू ती रिंग वाटीत ठेवायच्या. वाट्या त्यांनी न मागता पुन्हा आणून मांडल्या होत्या.

शेवटी एक उरली. ती कुठंच बसेना. टोकं जवळजवळ भिडत होती. राहिलेली ती हीच. ती घासावी लागणार होती, आणि तिरकी घासली गेली तर वाया. वेगळी आणायला वेळ नव्हता.

"मी घासू का?" मी विचारलं.

"न्हाई. ही माझी."

त्यांनी बारीक कानस शिकंज्यात आडवी बसवली, रिंगचं टोक तिच्यावर टेकवलं. बाहेरून आत, एकाच दिशेनं ओढायचं असतं. रिंग कानशीवर थरथरायला लागली. ते थांबले. पुन्हा टेकवली. कपाळावर घाम आला होता.

काकू पुढं झाल्या. त्यांनी हळदीचे हात पदराला पुसले आणि सरांचं मनगट दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"कशाला धरायला लागतंय?" सर गुरगुरले.

"गाडी जाऊन राहिलीय ना," काकू म्हणाल्या. "ती जाईपर्यंत धरते."

बाहेर रूळ मोकळे होते. सरांनी काकूंकडं पाहिलं. मग मान खाली घातली आणि त्या धरलेल्या हातानं कानस ओढली. एकदा. मी माप बघितलं. अजून एकदा. माप. असं करत करत पत्ती अडखळत गेली.

"मापात भरली," मी म्हणाले.

"केसभर अजून," सर म्हणाले. "तुमच्या रागाचं राहिलंय."

आणि काकूंनी मनगट सोडलं नव्हतंच.

त्या शर्यतीत मी कितवी आले ते विचारू नका. पण जिथं आधीचं इंजिन मेलं होतं त्याच वळणावर, ऑक्टोबरच्या भर उन्हात, एका पोरानं मला बाहेर ढकलायला बघितलं आणि मी पाय काढला नाही. इंजिनच्या फेऱ्यांचा काटा तांबड्यात गेला. इंजिन ओरडलं, पण भिडलं नाही. कडेला शिट्ट्या होत्या. ह्या वेळच्या वेगळ्या होत्या, की मलाच वेगळ्या ऐकू आल्या, कोण जाणे.

सरांनी त्यानंतर इंजिन घेतलं नाही. डॉक्टरकडं गेले, गोळ्या सुरू झाल्या. इंजिन अजून तेच आहे. सकाळी थंडीत सुरू केलं की मागून निळसर धूर येतो, जरा ऑइल पितं. औसा रोडचा एक मेकॅनिक म्हणतो, मॅडम, कुणी बांधलंय हे, फटी केवढ्या ठेवल्यात, खोला, नव्या रिंगा टाकून टाइट करून देतो. मी त्याला हात लावू देत नाही. जगात माझ्या रागासाठी कुणीतरी मोजून जागा ठेवली आहे, ती मी कुणाला बुजवू देऊ?

मागच्या आठवड्यात नांदेडला गेले होते. अंगणात गाडी लावली. सर खुर्चीत बसले होते. मी त्यांना घरी असं बसलेलं पहिल्यांदाच पाहिलं. धूर बघून म्हणाले, "ऑइल पितंय. राग कमी झाला का तुमचा?"

"नाही सर. लागते ती फट अजून."

"मग ऱ्हाऊ द्या."

काकूंनी चहा आणला. सरांनी कप उचलला आणि बशी वाजायला लागली. चहा सदऱ्यावर सांडला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, पण या वेळी त्यांनी गाडीचं नाव काढलं नाही. काकू आत गेल्या होत्या.

मी स्टूल ओढून शेजारी बसले आणि त्यांचं मनगट धरलं.

"गाडी चाललीय, सर," मी म्हणाले.

त्यांनी रुळांकडं बघितलं. "हाव," म्हणाले. "लांबडी हाय आज."

मग आम्ही गाडी जाईपर्यंत तिथंच बसून राहिलो.